पहिला इंच नसलेली पट्टी

फय्याज मिस्त्री लाकडाबद्दल खोटं बोलत नाहीत, हे कारंज्यात सगळ्यांना माहीत आहे आणि निम्म्या गावाला त्याचा राग आहे. कोणी हौसेनं फळी घेऊन आलं की ते ती बोटाच्या पेरानं ठोकतात, कान लावतात आणि तोंडावर सांगतात, "नाही टिकत." एकदा लग्नाच्या मांडवात, नवरीच्या बापासमोर, जहेजात, म्हणजे आंदणात दिलेल्या पलंगाबद्दल त्यांनी असंच सांगितलं होतं. पलंग दुसऱ्याच पावसाळ्यात मोडला. पण त्या घरचे अजून म्हणतात की मिस्त्रीचं तोंड लागलं म्हणून मोडला.

ते माझे वडील. मी नाजिश. त्यांच्या दुकानाला लागूनच माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. मधे फक्त एक पत्रा. तिकडे रंधा चालतो, इकडे प्रिंटर. घरात आमची बोली उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी, पण शाळा मराठी झाली, म्हणून लिहायला बसले की मराठीच हाताला येते. माझा विश्वास कागदावर. दाखला नाही तर माणूस नाही, असं मी दिवसातून दहा जणांना सुनावते. माझा आवाज चढतो हे खरं आहे, पण चुकीचा फॉर्म तिसऱ्यांदा घेऊन आलेल्या माणसाशी गोड बोलून दाखवा.

आमच्या घरात असा एक दाखला आहे. माझे बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ मुबश्शिर, यांच्या मृत्यूचा. साल १९९८. त्या कागदावर आमचं सगळं घर उभं आहे, कारण अम्मी आधी बडे अब्बांची बायको होती. ते वारले, दोन वर्षांनी तिचा निकाह अब्बांशी झाला, आणि पुढल्या साली मी. यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्याकडे असे निकाह होतात.

ही गोष्ट मात्र एका पट्टीपासून सुरू होते. माझ्या दादांकडे, अब्बांच्या वडिलांकडे, लाकडाची घडीची पट्टी होती, पितळी सांध्यांची. तिचा पहिला इंच कधीतरी तुटून गेलेला. दादांनी ती फेकली नाही. एकपासून मोजायचं आणि शेवटी जो आकडा येईल तो तसाच लाकडावर लिहायचा. कापताना एक वजा करायचा. म्हणजे वीस इंचाच्या फळीवर आमच्या दुकानात एकवीस लिहिलेलं असतं. पोरंही तेच शिकली. अब्बा आज चांगल्या टेपनं मोजतात, तरी पहिला इंच सोडून सुरुवात करतात आणि एक जास्तीचा लिहितात. त्यांचा आकडा पाहून मी एकदा खिडकीची काच मागवली होती. ती इंचभर मोठी आली, आणि शिव्या मलाच बसल्या.

या एका इंचापायीच बडे अब्बा घरातून गेले. एका व्यापाऱ्याच्या घराचा मोठा दरवाजा त्यांनी केला होता. माप नव्या टेपनं, सरळ शून्यापासून घेतलं. आणि कापताना जुन्या सवयीनं एक इंच वजा केला. दरवाजा चौकटीत इंचभर आखूड पडला. दादांनी त्या घरच्या माणसांसमोर अठ्ठावीस वर्षांच्या मुलाच्या कानाखाली वाजवली. आठ दिवसांत बडे अब्बा नाहीसे झाले, जाताना बापाची पट्टी घेऊन. घरात अम्मी होती, लग्नाला सहा महिने झालेली.

पुढच्या पावसाळ्यात अडाण नदीला पूर आला आणि तिसऱ्या दिवशी बाभळीच्या झाडीत एक प्रेत सापडलं. खिशात घडीची पट्टी निघाली. पोलिसांनी अब्बांना बोलावलं. चेहरा पाहण्यासारखा राहिला नव्हता आणि अब्बांनी पाहिलाही नाही. त्यांनी पट्टीची घडी उघडली, जिथं पहिला इंच असायला हवा तिथं अंगठा लावला, आणि हो म्हणाले. त्याच दिवशी दफन झालं. आमच्यात मयताला कबरीत ठेवलं की वरून लाकडी फळ्या लावतात, मग माती. त्या फळ्या गावातल्या मिस्त्रीनं द्यायच्या. पावसामुळं दुकानात एकही कोरडी फळी नव्हती. होत्या त्या फळांच्या खोक्यांच्या, आंब्याच्या लाकडाच्या. त्याच लावाव्या लागल्या. हे अब्बा दर पावसाळ्यात एकदा तरी बोलून दाखवतात. म्हणतात, सख्ख्या भावावर खोक्याचं लाकूड घातलं, चार वर्षंही टिकलं नसेल.

दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, अब्बा त्या कबरीवर जात. अम्मी कबरीचं नाव काढत नसे. फक्त शब-ए-बरातला, मयतांची आठवण काढायच्या रात्री, ती हलव्याच्या दोन बशा काढायची. एकीवर घरातल्या सगळ्या मयतांची नावं घेऊन फातिहा द्यायला सांगायची. दुसरीवर नाव न घेता. कोणासाठी म्हणून विचारलं की म्हणायची, ज्याचं कोणी नाही त्याच्यासाठी. मला वाटायचं, चांगली चाल आहे.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता अनसिंगच्या पलीकडल्या एका तांड्यावरून भाऊसिंग नावाचा माणूस जीपमध्ये एक लांबलचक खोकं घेऊन आला. पंचावन्न-साठीचा, अंगानं वाळलेला. जन्मभर जत्रेत फिरला होता. पाळणे, मौत का कुआँ, गोळीचं मशीन. हे तेच गोळीचं मशीन होतं. काचेखाली उतरता पाट, खटका ओढला की लोखंडी गोळी वर जाते आणि घंट्यांना, खुंट्यांना आपटत खाली येते. इंग्रजीत त्याला पिनबॉल म्हणतात, हे मी मोबाईलवर पाहिलं. मशीन पन्नास वर्षांचं तरी असावं. जत्रा कंपनी बंद पडली तेव्हा मालकानं ते भाऊसिंगला देऊन टाकलं. तांड्यावर पत्र्याच्या खोलीत ठेवलं, खोली गळली, आणि लाकूड पोटभर पाणी प्यालं. अनसिंगच्या बाजारात मांडून चार पोरं खेळवायची, एवढीच त्याची इच्छा होती.

डाव्या बाजूच्या फळीवर एक चित्र होतं. निळ्या पोशाखातली बाई, डोक्यावर मुकुट, हसणारी. गुडघ्यापर्यंत ती शाबूत होती. त्याखाली लाकूड फुगून पुस्तकासारखं उलगडलं होतं आणि पाय वाहून गेले होते.

अब्बांनी फळी ठोकली, कान लावला. मला वाटलं, आता म्हणतील नाही टिकत. ते म्हणाले, ठेवून जा. भाऊसिंग पायरीवर थोडा वेळ घुटमळला, काही विचारायचं असल्यासारखा. मग एवढंच म्हणाला की तुमचं नाव एकानं सांगितलं होतं, आणि गेला.

ओल्या लाकडाला घाई चालत नाही. उन्हात टाकलं की ते वाकतं आणि रंग पापडासारखा उडतो. अब्बांनी मशीन सावलीत, विटांवर ठेवलं, वारा खालून खेळेल असं. तीन आठवडे त्यावर हत्यार चालवलं नाही, नुसते येता-जाता ठोकायचे. त्या दिवसांत एक प्रकार सुरू झाला. भर दुपारी, दुकानात कोणी नसताना, त्या खोक्यातून टिंग असा आवाज यायचा. एकच. वायर कापलेली, वीज नाही, मशीनचे पाय काढून ठेवलेले. पहिल्यांदा मी फॉर्म भरणाऱ्या बाईंसमोर दचकले आणि त्यांच्या जन्मतारखेत चूक केली. अब्बा हसले. आत गोळी अडकली असेल, लाकूड वाळतंय, केसाएवढं हलतं, गोळी सरकते आणि घंटीला लागते, असं त्यांनी समजावलं. पटण्यासारखं होतं. तरी मी मधल्या पत्र्याचं दार लावून बसू लागले.

मग काम सुरू झालं. त्यांनी फुगलेले थर पातळ सुरीनं एकेक सोडवले, औषधाच्या दुकानातून आणलेल्या इंजेक्शनच्या सुईनं त्यांत गोंद सोडला, वर तेलकट कागद ठेवून शिकंजे आवळले. मिस्त्री अशी सुई मागायला आला की दुकानदार वेगळ्या नजरेनं पाहतो; अब्बांनी त्याला बाईच्या पायाला लावायची आहे असं सांगून आणखी गोंधळात टाकलं. खालचा चार बोटं भाग कुजून भुसा झाला होता. तो कापून काढायचा आणि तिथं सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्यानं बसवायचा होता. त्यासाठी तळाची फळी उघडली. गोळी घरंगळत आली आणि अब्बांच्या तळहातात पडली. त्यांनी ती खिशात टाकली.

तळाच्या फळीला आतून कधीतरी कोणी ठिगळ मारलं होतं, व्यवस्थित, चारी कडांना उतार देऊन. अब्बा खूश झाले. जाणता हात आहे, म्हणाले. ठिगळावर पेन्सिलीनं आकडा होता, साडेएकवीस. अब्बांनी टेप लावली. मग पुन्हा लावली. मला हाक मारली आणि दुसरं टोक धरायला लावलं. तुकडा साडेवीस इंच होता.

मला लगेच कळलं नाही. मी म्हणाले, कोणीतरी चुकलं असेल. अब्बांनी पटाशीनं ठिगळ अलगद सोडवलं आणि उलटं केलं. ते कुठल्यातरी मंडळाच्या जुन्या पाटीतून कापलेलं होतं. लाल रंगात अक्षरं होती, "उत्सव २०११".

असं चुकणारे जगात तिघेच होते. दादा दोन हजार सालीच गेले. अब्बा माझ्यासमोर बसले होते. आणि तिसऱ्याचा १९९८ चा दाखला माझ्या फायलीत होता.

अब्बा खाली भुशातच बसले. मी फाईल काढून दाखला पाहिला, जणू त्यावरचं साल बदललं असेल. मग आम्ही दोघं एकच विचार करत बसलो. बडे अब्बा तेरा वर्षांपूर्वी जिवंत होते. कदाचित आजही असतील. मग अम्मी कोणाची बायको, आणि मी कोण? कागदाप्रमाणे सगळं ठीक होतं. त्या साडेवीस इंची तुकड्याप्रमाणे काहीच ठीक नव्हतं. आणि त्याहून वाईट, सव्वीस वर्षं अब्बा ज्याच्या उशाशी बसत आले तो कोण होता?

तो तुकडा जाळून टाका, असं मी म्हणाले. हे माझंच वाक्य आहे, दुसऱ्या कोणाच्या नावावर लोटत नाही. मला भीती वाटली होती. अब्बांनी तुकडा रंध्याच्या पेटीत ठेवला आणि अम्मीला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं बजावलं.

पुढच्या जुम्मेरातीला ते कब्रस्तानात गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. कोणाचं नाव घेऊन हात उचलू, असं म्हणाले. जेवण अर्धं राहू लागलं. रस्त्यानं कोणी त्यांच्या वयाचा अनोळखी माणूस चालला की हातातलं काम थांबायचं. मीही येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या आधार कार्डावरचं नाव आधी वाचू लागले. जिवंत माणूस असा पछाडू शकतो, हे मला माहीत नव्हतं. मेलेला निदान एका जागी असतो.

महिन्याभरानं भाऊसिंग काम पाहायला आला. फळी उभी होती. सांधा कुठं आहे ते हात फिरवूनही कळत नव्हतं. निळी बाई गुडघ्यापर्यंत होती तशी, आणि खाली कोरं सागवान. भाऊसिंगनं बराच वेळ सांध्यावर बोट फिरवलं. मग विचारलं, हिचे पायही रंगवून देता का? अम्मी तेव्हा चहा घेऊन दारात आली होती.

"म्या तिचे पाय पाह्यले नाहीत," अब्बा म्हणाले. "न पाह्यलेलं कसं काढू?"

अम्मीनं चहा ठेवला आणि ती पत्र्याच्या पलीकडे, माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली. तिथून सगळं ऐकू येतं.

भाऊसिंगनं चहा घेतला आणि मग जे बोलायला तो मुळात आला होता ते बोलला. जत्रेत त्यांच्याबरोबर एक मिस्त्री होता. नाव, गाव काही सांगायचा नाही. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. हे मशीन त्यानंच दोनदा बांधलं. गेल्या होळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या एका गावी छातीच्या दुखण्यानं तो गेला. शेवटच्या दोन दिवसांत त्यानं पहिल्यांदा सांगितलं, कारंज्यात फय्याज नावाचा भाऊ आहे, याचं लाकूड बिघडलं तर त्याच्याकडेच ने. त्या गावच्या लोकांनी त्याला रीतीनं दफन केलं, आणि पहिली मूठ भाऊसिंगनं टाकली, कारण जवळचं दुसरं कोणी नव्हतं.

अब्बांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी सुटलो. माझ्या मनात पहिला विचार हाच आला, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

पण भाऊसिंगचं संपलं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ देवमन, तेव्हा वीस वर्षांचा, तोही जत्रेत होता. मिस्त्री जत्रेत येऊन आठ-नऊ महिने झाले असतील. पावसाळ्यात शेलूबाजारला जत्रेचा तळ होता. मिस्त्रीनं देवमनजवळ एक घडीची पट्टी दिली आणि कारंज्यात एका घरी पोचती करायला सांगितली. निरोप काही नाही; पट्टी दिसली की घरचे समजतील की हा आता येत नाही, एवढंच म्हणाला. देवमन गेला तो परतलाच नाही. मिस्त्रीला वाटलं, पोरगा पट्टी घेऊन पळाला. तांड्यावर वाटलं, ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला असेल. पण त्यांची आई भुरीबाई ऐंशीच्या पुढे गेली तरी अजून कोणाला दाराची कडी लावू देत नाही.

"मले एवढंच विचारायचं होतं, भाऊ," भाऊसिंग म्हणाला. "माहा देवमन तुमच्या घरी पोचला होता काय? आल्या दिवशी विचारायची हिंमत नाही झाली."

मी पत्र्याच्या फटीतून पाहत होते. अब्बांचा हात सांध्यावर होता. आमचं घर त्या एका उत्तरावर उभं होतं. 'हो' म्हटलं तर पट्टी कोणाच्या खिशात निघाली ते सांगावं लागणार, मग कबर, मग दाखला, मग गावभर अम्मी.

"नाही," अब्बा म्हणाले. "कोणी नाही पोचलं."

तसं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. बिचारा पोचलाच नव्हता. भाऊसिंगनं मान हलवली, तीन-चार दिवसांनी जीप घेऊन येतो म्हणाला आणि चप्पल घालून गेला. त्याच्या चालण्यात काही फरक पडला नाही. इतक्या वर्षांत त्याला 'नाही'ची सवय झाली असावी.

तो कोपऱ्यावरून वळला आणि मशीनमधून आवाज आला. टिंग. मी अब्बांकडे पाहिलं. त्यांनी खिशात हात घालून गोळी बाहेर काढली आणि तळहातावर धरून तिच्याकडे पाहत राहिले. कसा आवाज आला ते मला माहीत नाही. मी कागदावर विश्वास ठेवणारी मुलगी आहे, मला विचारू नका.

अम्मी उठून तिकडे गेली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बऱ्याच दिवसांचं जड काही खाली ठेवायला निघालेलं माणूस दिसतं तशी ती दिसत होती.

"पाय म्या पाह्यले होते," ती म्हणाली.

अब्बांना वाटलं, ती चित्रातल्या बाईबद्दल बोलतेय.

"मयताचे. गुसलच्या वेळी, मयताले आंघोळ घालताना, मले पडद्याआडून पायच दाखोले, तोंड पाहू नको म्हणे. तुमच्या भावाच्या उजव्या अंगठ्यावर वाकसाची धार लागल्याची खूण होती. त्या पायावर नव्हती. ते अनवाणी चालणाऱ्या पोट्ट्याचे पाय होते."

अम्मी खाली बसली आणि पुढचं आपणहून सांगू लागली. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बेपत्ता माणसाच्या बायकोला ना माहेर ना सासर; तिच्या मामेबहिणीनं अशी अकरा वर्षं काढली होती. समोर मयत होतं, खिशात पट्टी होती, सगळे रडत होते. तिला फक्त गप्प राहायचं होतं, आणि ती राहिली. त्या गप्प राहण्यातून तिला पुढं अब्बा मिळाले, मी मिळाले, आणि ज्या दिवशी मी झाले त्या दिवसापासून तिला रोज वाटत आलं की ही सुखं कोण्या बाईच्या पोरावर माती टाकून घेतली आहेत. म्हणून ती दुसरी बशी.

"नाव माहीत नव्हतं म्हणून बिननावाची देत होती," अम्मी म्हणाली. "आता नाव माहीत झालं. आता कशी गप्प बसू?"

अब्बा रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. आपण बायकोपासून लपवत होतो तेच ती सव्वीस वर्षं आपल्यापासून लपवत आली, याचं वाईट वाटलं की हलकं वाटलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मला मात्र राग आला. दोघांचा, त्या पट्टीचा, दादांच्या हाताचा. एका इंचासाठी मारलेली एक चपराक किती घरांत जाऊन पोचली होती.

अम्मी आणि अब्बांच्या निकाहाबद्दल मौलाना साहेबांनी काय सांगितलं, ते आमच्या घरातलंच राहू दे. त्यांनी खूप वेळ ऐकून घेतलं आणि रागावले नाहीत. एवढं पुरे.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं तांड्यावर गेलो. बोलली अम्मीच, अंगणात उभं राहून, आडपडदा न ठेवता. अब्बांनी पट्टी काढून भाऊसिंगच्या हातात दिली; एवढी वर्षं ती आमच्या कपाटात होती. भाऊसिंगनं आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो बराच वेळ पट्टीच्या घड्या उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, तुमच्या भावाला मी माती दिली, माझ्या भावाला तुम्ही. आता कोण कोणाला बोलणार? आणि कालचं 'नाही' आठवून अब्बांनी हात जोडले, तेव्हा त्यानं ते हात खाली केले.

भुरीबाई खाटेवर बसून होती. तिला सगळं कळलं की नाही, याची मला शंका होती. तिनं एवढंच विचारलं, "किती दूर हाय?" आणि उठून दाराशी गेली. चपला शोधत असेल असं मला वाटलं. तिनं दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

कब्रस्तानात आमच्या बायका जात नाहीत, म्हणून अम्मी, मी आणि भुरीबाई कमरेएवढ्या भिंतीबाहेर उभ्या राहिलो. तिथून कबर दिसते, दहा पावलांवर. अब्बा आणि भाऊसिंग आत जाऊन, गवत उपटून परत आले. म्हातारी भिंतीवर दोन्ही हात ठेवून पाहत होती. मला वाटलं, विचारेल, आमच्या पोराला तुमच्या रीतीनं का पुरलं? ती म्हणाली, लग्न नव्हतं झालं त्याचं, आमच्यात कुवाऱ्याला मातीच देतात, बरं केलं. मग आभाळाकडे पाहिलं. अवकाळी पाऊस भरून आला होता.

"पोट्टा पाण्यानं गेला," ती अब्बांना म्हणाली. "आता तं पाणी नाही ना लागत त्याले?"

अब्बांनी कबरीकडे पाहिलं. खोक्याच्या आंब्याच्या फळ्या, चार वर्षंही टिकल्या नसतील, हे मी त्यांच्याच तोंडून सव्वीसातले वीस पावसाळे तरी ऐकलं होतं. समोरच्याच्या तोंडावर "नाही टिकत" म्हणणारा हा माणूस आता काय सांगेल, या भीतीनं मी अम्मीचा हात धरला.

"सागवानाच्या फळ्या लावल्या, माय," अब्बा म्हणाले. "जाड, अन् घट्ट. थेंबही शिरत नाही."

भुरीबाईनं मान हलवली. मग ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि तिनं पाय पसरले.